डावीकडचा स्क्रू

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग जेवणाला आणि अर्धा सोल्डरिंगला, अशी वाटणी त्या घरात लग्नानंतर काही वर्षांतच होऊन गेली होती. पुढे जेवणाच्या अर्ध्यावरही अतिक्रमण सुरू झालं. मिठाच्या बरणीशेजारी चिमट्यांचा डबा आला, पाण्याच्या जगाशेजारी भिंगाचा दिवा आला. एकदा बाईंनी भाजीत चमचा घातला, तर चमच्याबरोबर आठ पायांची एक चिप वर आली. ती त्यांनी धुऊन, पुसून, अवाक्षर न काढता नवऱ्याच्या ताटाच्या कडेला ठेवली. त्यांनीही ती तशीच गुपचूप खिशात टाकली आणि भाजी चांगली झालीय म्हणाले.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. मुलांनी त्यांना ‘कात्री’ असं नाव ठेवलं होतं, कारण पालकांनी रडून दाखवलं तरी आणि मुख्याध्यापकांनी शब्द टाकला तरी त्या अर्धा गुण वाढवून देत नसत. त्यांचे यजमान विमा कंपनीत अधिकारी होते, पण तिथे ते पगारापुरते असायचे. खरे ते घरी, त्या टेबलाशी. मित्रमंडळी त्यांना कानसेन म्हणत आणि ते नाव ते पदवीसारखं मिरवत.

गाणं हल्ली आकड्यांत साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी डबी मध्ये लागते, तिला म्हणतात डॅक. बाजारातून आणलेला डॅक जसाच्या तसा वापरणं म्हणजे दुकानातला तयार शर्ट हातभर लोंबत्या बाह्यांसकट घालून हिंडणं, असं कानसेनांचं मत. ते आणल्या दिवशीच झाकण उघडत. ही चिप काढ, ती बसव, इथला कपॅसिटर बदल, तिथला उडव. असं करत करत आवाज त्यांच्या मनासारखा झाला की “आता माणसाळला” म्हणत. मंडळीही आपापले डॅक त्यांच्याकडे आणून टाकत. कुणाला आवाज ऊबदार हवा असे, कुणाला धारदार. कानसेन सगळ्यांचे लाड पुरवत, आणि वर दोन शब्द सुनावत.

आणि रविवारी सकाळी परीक्षा. हा नेम कानसेनांचा. आपणच बदल करायचा आणि आपणच तो छान झाला म्हणायचं, याला ते लबाडी म्हणत. म्हणून ते बाईंची जुनी ओढणी डोळ्यांवर बांधून खुर्चीत बसत आणि बाई मागे, हातात दोन बटणांची एक डबी घेऊन. एक बटण बदललेल्या डॅकचं, दुसरं त्याच्याच न बदललेल्या जुळ्या भावाचं. बाईंनी मनाला येईल ते दाबायचं, कानसेनांनी ‘नवा’ किंवा ‘जुना’ सांगायचं, आणि बाईंनी फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. तिसरा शब्द नाही. खाकरणं नाही. इतकी वर्षं ही परीक्षा चालली आणि कानसेन क्वचितच चुकले. बाईंना त्याचा फार अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, कारण कौतुक बोलून दाखवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

ते पहिल्यांदा सपशेल चुकले, तेव्हा शाळेत सहामाहीचे पेपर सुरू होते. त्या आठवड्यात ऑफिसात त्यांच्या डोक्यावर त्यांच्याहून बराच लहान असा एक साहेब आणून बसवला होता. घरी येऊन ते जेवले नव्हते, टेबलाशी बसून नुसते एक चिप काढत आणि घालत राहिले होते. रविवारी ओढणी बांधली. बाईंनी बटण दाबलं.

“नवा,” ते म्हणाले.

होता जुना. बाईंच्या ओठांवर शब्द आला होता. पण समोर कानसेनांची पाठ होती, मानेवर ओढणीची गाठ होती, आणि त्यांनी नेहमीसारखं न थांबता विचारलं, “काय गं? बरोबर ना?” शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी गुण विचारायला आलेली पोरं असं विचारतात.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

एकदा म्हटलं तर काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी फुकट गुण दिले होते आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. कानसेन त्या दुपारी पोटभर जेवले.

पण पुढच्या रविवारीही ते चुकले, आणि त्याच्या पुढच्याही. कधी बरोबर, कधी चूक, काही ताळतंत्रच नाही. दहापैकी पाच उत्तरं बरोबर आली म्हणजे निम्मं येतंय असं समजायचं नाही, पोरगं नाणं उडवून उत्तरं लिहितंय असं समजायचं, हे बाई दर वर्षी वर्गात सांगत. तेच आता त्यांच्या घरात, त्यांच्याच ओढणीआड चाललं होतं. आज सांगू, उद्या सांगू असं त्या करत राहिल्या. पण दहादा ‘बरोबर’ म्हटल्यावर अकराव्यांदा ‘चूक’ म्हणायचं, तर आधीच्या दहांचं काय करायचं, हे गणित त्यांना सुटेना.

त्याच सुमाराला कानसेनांनी जाहीर केलं, की डॅकची डावी बाजू झोपलीय.

“उजवी कशी टवटवीत आहे बघ. डावीकडचं काही पोचतच नाही. चिप मंद असणार.”

डाव्या बाजूची चिप बदलली. मग तिच्या भोवतीचं सगळं बदललं. तरी डावी बाजू उठेना, तेव्हा त्यांनी तिथे एक बारीक स्क्रू बसवला. तो फिरवला, की डावा आवाज वाढायचा. दर शनिवारी ते घड्याळजीच्या पेचकसाने तो स्क्रू जरासा फिरवत, कान देत, समाधानाने मान हलवत, आणि आठवडा सरता सरता पुन्हा म्हणत, “अजून थोडा हवा.”

बाईंना ते ऐकू येत होतं. त्यांचे कान काही तयार नव्हते, पण इतकी वर्षं रविवारी त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या. पूर्वी गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभी असल्यासारखी वाटायची. आता ती हळूहळू डावीकडे सरकत चालली होती. एके दिवशी तर ती पार खिडकीच्या पडद्याशी गेली आणि उजवीकडे नुसती रिकामी भिंत उरली.

“अहो,” बाई म्हणाल्या, “गाणारी डावीकडे गेलीय.”

कानसेन हसले. “तुझा कान गणिताचा. तू आपलं बटण दाबायचं बघ.”

हे बाईंना लागलं. असं लागलं, की त्या दिवशी त्यांनी चहा एकाच कपात गाळला. बटण दाबायचं काय, बटणच दाबते, त्या मनात म्हणाल्या. त्या रविवारपासून त्यांचं ‘बरोबर’ निव्वळ दयेचं राहिलं नाही. त्यात थोडं विष मिसळलं. डोळे बांधून बसलेल्या त्या माणसाला त्या मागून ‘बरोबर’ म्हणायच्या आणि त्यांना वाटायचं, होऊ दे मंडळींपुढे फजिती, म्हणजे कळेल कुणाचा कान कसला आहे.

मंडळी आली. एक फोटोग्राफर, एक दातांचे डॉक्टर, आणखी दोघे तिघे. कानसेनांनी दिवे मंद केले आणि डॅक सुरू केला. डावीकडून आवाज अंगावर आला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मंडळींनी डोळे मिटले होते आणि एकेकाची मान नकळत डावीकडे वळत होती, बसमधून उतरताना सगळे दाराकडे कलतात तशी. कुणी काही बोललं नाही. कानसेनांसमोर बोलायचं म्हणजे आपलाच कान कच्चा ठरायचा. गाणं संपलं तेव्हा दातांचे डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, “वेगळंच आहे काहीतरी.” दुसरा म्हणाला, “अगदी. वेगळंच.” कानसेन खूश झाले. फजिती काही झाली नाही, आणि बाईंना हसूही आलं नाही. इतकी सगळी जाणती माणसं मूग गिळून बसलेली पाहून त्यांना भीती वाटली.

फोटोग्राफर निघताना बूट घालत घालत थांबला.

“वहिनी, एक विचारू? माझा डॅक त्यांनी लावून दिला ना परवा, तो मी परत दुसऱ्याकडून नीट करून घेतला. त्यांना सांगू नका. पण त्यांचं काही बिनसलंय का? प्रकृती वगैरे?”

“त्यांना काय धाड भरलीय,” बाई म्हणाल्या. “दर रविवारी मी परीक्षा घेते. एकही चूक नाही.”

फोटोग्राफरने त्यांच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि तो जिना उतरला. बाईंनी दार लावलं. आता खोटं घराबाहेर गेलं होतं.

त्यानंतर त्यांना एकेक दिसायला लागलं. म्हणजे दिसत आधीपासूनच होतं, कानाडोळा त्या करत होत्या. कानसेन फोन आता उजव्या कानाला लावत. डावीकडून हाक मारली तर उत्तर येत नसे आणि उजवीकडून मारली की ते भलतीकडेच बघत. जिना उतरताना एक हात भिंतीला असे. रस्त्यात चालताना बाईंनी कुठून कसं कोण जाणे, पण नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालायला सुरुवात केली होती. स्वतःशी न बोलता माणूस किती गोष्टींची सोय लावून ठेवतो.

आणि मग एका सकाळी ते दाढी करून बाहेर आले. डाव्या गालावर चांगलंच कापलं होतं. रक्ताचा ओघळ हनुवटीवरून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत पोचला होता. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

“अहो, रक्त.”

“कुठे?” त्यांनी उजव्या गालावरून हात फिरवला, बोटं बघितली. “कुठाय?”

बाईंनी ओला नॅपकिन आणून त्यांच्या डाव्या गालावर दाबला. चांगला जोरात दाबला. कानसेन वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत राहिले. गालावर कुणाचा हात आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

कुणाचाही डॅक बिघडला आणि त्याने फोन केला, की कानसेन पहिल्यांदा एकच गोष्ट सांगत: “वायरी उलट्या करून बघा. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. दोष डबीत असेल तर तोही बाजू बदलेल. बाजू बदलली नाही, तर दोष डबीत नाही.” हे वाक्य बाईंनी इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेत म्हणून दाखवलं असतं. आणि आता त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या महिन्यांत, एवढ्या चिपा बदलल्या, पण स्वतःच्या डॅकच्या वायरी कानसेनांनी एकदाही उलट्या केल्या नव्हत्या.

“आज परीक्षा घेऊ,” त्या म्हणाल्या. “हेडफोनवर.”

“आज कुठला रविवार?”

“नसू दे.”

कानसेनांना मजा वाटली. ते खुर्चीत बसले, ओढणी बांधून घेतली, हेडफोन चढवले. बाईंनी डॅकच्या मागे हात घातला आणि उजवीकडची वायर उपसून काढली. आता गाणं फक्त डाव्या कानात जाणार होतं. त्यांनी ते सुरू केलं, आणि आवाज वाढवत नेला.

“लाव ना,” कानसेन म्हणाले.

डाव्या बाजूच्या हेडफोनमधून तबल्याचा ठेका बाहेर खोलीत झिरपत होता. बाईंना तो उभ्या जागी ऐकू येत होता. त्यांनी आवाज आणखी वाढवला.

“अगं, झोपलीस का?” ते म्हणाले. मग त्यांनी मान जराशी कलती केली. “शेजाऱ्यांकडे काहीतरी लागलंय. खिडकी लाव बरं आधी. परीक्षेत लबाडी नको.”

खिडकी बंदच होती. बाईंनी डॅक बंद केला आणि पुढे येऊन त्यांच्या डोळ्यांवरची ओढणी सोडली. त्यांच्या हातात ती उपसलेली वायर तशीच होती. कानसेनांनी वायरीकडे पाहिलं, मग डॅककडे. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः उठून डॅक पुन्हा सुरू केला, हेडफोन उलटे करून घातले, म्हणजे डावा उजव्या कानावर आला, आणि दचकून लगेच काढले, कारण आवाज फार मोठा होता. मग त्यांनी हेडफोन नीट घडी करून खुंटीला अडकवले.

“उद्या रजा टाकतो,” ते म्हणाले.

बाई हो म्हणाल्या. आधीच्या रविवारांबद्दल तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण बाहेर आलं ते “जेवायला वाढू का?”

दवाखान्यात फोटो काढले, कानाच्या तपासण्या झाल्या, आणि एका लहानशा खोलीत तरुण डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडावर धरली. मेंदूच्या कडेला पांढरी सुपारी असावी तशी गाठ होती.

“कानाकडून मेंदूकडे जाणारी जी नस आहे, तिच्यावर आहे ही,” डॉक्टर म्हणाले. “कॅन्सर नाही. पण जागा अडवून बसलीय. चेहऱ्याच्या नसा शेजारीच आहेत, तोलाचीही तिथेच. म्हणून गाल बधिर, म्हणून झोक जातो. काढावी लागेल.”

“आणि कान?” कानसेनांनी विचारलं.

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. “लहान असताना सापडली असती, तर कान वाचवायचा प्रयत्न केला असता. आता कान सोडायचा आणि बाकीचं सांभाळायचं. मला फक्त एक कळायला हवं, की ही कुठल्या वेगाने वाढलीय. हळूहळू वाढली असेल तर थोडं थांबून, नीट तयारीने करू. झपाट्याने वाढत असेल तर थांबून चालणार नाही. आधी कधी कानाची तपासणी झाली होती?”

“दर रविवारी,” कानसेन म्हणाले.

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. पण कानसेनांनी त्यांना सगळं नीट सांगितलं, ओढणी, बटणं, नवा आणि जुना. सांगताना त्यांचा चेहरा खुलला. “अगदी शास्त्रशुद्ध, डॉक्टर. ही घेते. अलीकडे तर गेल्या रविवारपर्यंत मी एकदाही चुकलेलो नाही. खरं सांगू का, मला मध्ये शंका आली होती. डावीकडचं काही कमी येतंय, डॅकमध्ये तर काही सापडत नाही. वायरी उलट्या करायची छाती होईना. तेव्हाच तुमच्याकडे यायला निघालो होतो, ऑफिसातून परस्पर. मग म्हटलं, कशाला? कान गेला असता तर परीक्षेत कळलं नसतं का? हिच्याकडे खोट्याला थारा नाही.”

“म्हणजे कान आठवड्याभरात गेला,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी पेन उचललं. “मग थांबायला नको. आजच दाखल करून घेतो.”

बाई कानसेनांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसल्या होत्या. एसीची घरघर चालू होती. त्या पुढे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “नाही, डॉक्टर. सहामाही परीक्षेपासून. ते चुकत होते. मीच बरोबर म्हणत होते.”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“काय म्हणाली ही?” कानसेनांनी डॉक्टरांना विचारलं. चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं.

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. त्यांनी सांगितलं असतं तर बाईंची सुटका झाली असती. पण ते सांगणार नव्हते. बाई उठल्या, खुर्चीच्या मागून वळसा घालून कानसेनांच्या उजव्या बाजूला आल्या आणि तेच शब्द पुन्हा म्हणाल्या. या वेळी मोठ्याने, वर्गात म्हणतात तसे.

कानसेनांचं हसू जायला वेळ लागला. ते चेहऱ्याच्या उजव्याच बाजूला होतं.

“सगळी उत्तरं चुकली?” त्यांनी विचारलं.

“निम्मी.”

विम्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला निम्मीचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. त्यांनी डॉक्टरांकडे वळून म्हटलं, “लिहून घ्या. आणि हे तरी खरं आहे का, तेवढं विचारून घ्या तिला.”

डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली. आज दाखल व्हायची गरज नव्हती. पंधरवड्यानंतरची तारीख मिळाली.

बाहेर रस्त्यावर रहदारी होती. बाई सवयीने त्यांच्या उजव्या हाताला गेल्या. कानसेन थांबले, मागून फिरून बाईंच्या दुसऱ्या बाजूला आले, आणि मग चालायला लागले. आता बाई त्यांच्या डाव्या हाताला होत्या. झोक जायला लागला तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. बाई बोलत होत्या. पहिल्या रविवारचं, त्या नव्या साहेबाचं, भुकेल्या पोटी बसून राहिल्याचं, फोटोग्राफरचं, सगळं क्रमाने सांगत होत्या, काही न वगळता. कानसेन समोर बघून चालत होते. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही, आणि बाईही बोलायच्या थांबल्या नाहीत.